तारकाप्याच्या भुवया

सिंदी (रेल्वे),
१२ जून १९७८

ती. गोपाताईस चंद्रभानचा नमस्कार.

पत्र लांबलं आहे आणि कामाचं आहे, तेव्हा स्वैपाक आटोपून वाचावं.

मी चित्रांचं पुस्तक काढायचं ठरवलं आहे. एक नव्हे, मालिका. शहरातून येतात तशी, चौकटी-चौकटींची, पण आपल्याकडची. तिकडच्या पुस्तकांतले वीर उंच इमारतींवरून उड्या मारतात. सिंदीत उंच म्हणावं असं कापसाच्या जिनिंगचं धुराडं आणि विजेचे खांब. धुराड्यावर चढायची परवानगी शेटजी देणार नाहीत, म्हणून मी खांब घेतला.

वीराचं नाव विद्युतराव. हा लाइनमन आहे. खांबावर असताना त्याला झटका बसतो, पण मरण्याऐवजी त्याच्या अंगात दहा बैलांचं बळ येतं. अट एकच, लाइन असेल तरच. लाइन गेली की तो तुमच्या-आमच्यासारखा. लाइन किती वेळ असते ते तुला ठाऊक आहे, त्यामुळे कथेत पेच आपोआप येतात, मला डोकं चालवावं लागत नाही. त्याचा शत्रू तारकाप्या. हा गावोगावच्या तारा कापतो. का कापतो ते मी पुढच्या एखाद्या अंकात सांगणार आहे. सध्या ते मलाही माहीत नाही.

मजकूर तयार आहे. जिनिंग दिवाळीपर्यंत बंद, त्यामुळे वजनकाट्यावरचा बाबू असूनही मला तोलायला काही नाही. वर्ध्याचे नत्थूजी छापखानेवाले लग्नपत्रिकांचा हंगाम नसला की छापून देतो म्हणाले. अडचण एवढीच की मी बैल काढला तर तो टेबलासारखा दिसतो. तू लग्नाआधी ड्रॉइंगच्या दोन्ही परीक्षा पास झालीस. तू काढलेला पितळी तांब्या अजून आमच्या भिंतीवर आहे आणि आलेला माणूस एकदा तरी त्याला हात लावून पाहतो. चित्रं तू काढावीस अशी विनंती आहे.

विद्युतरावाला घट्ट विजार आणि पाठीवर उडतं कापड हवं. तारकाप्याला भीती वाटेल अशा भुवया दे. तो एकटा बसतो आणि फार विचार करतो.

आई समोरच बसली आहे. म्हणते, "तुह्या मावशीनं सांगतलं म्हणून लिव. घरचं काम पाहून करजो म्हणा, गोपे." लिहिलं.

तुझा मावसभाऊ,
चंद्रभान


आष्टी,
३ जुलै १९७८

चि. चंद्रभानास अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट एवढं जाड होतं की सासूबाईंना वाटलं कोणीतरी गेलं. विद्युतरावाचं आहे म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "कोण विद्युतराव? आपल्यातले होय काय?"

चित्रं काढीन. होय आधी सांगून टाकते, बाकीचं मग.

परीक्षेत मला तांब्या, पान, फूल आणि जत्रेचा देखावा एवढंच होतं. जत्रेत माणसं लांबून दिसतात, पाय काढावे लागत नाहीत. पाय मला येत नाहीत, घट्ट विजारीत तर मुळीच येणार नाहीत. म्हणून विद्युतराव धोतरात राहील. पाठीवरचं कापड म्हणजे उपरणं असं मी समजून चालते.

आता जागेचं. आमच्या घरात चांगला उजेड एकाच खिडकीत आहे आणि तिथे माझं माहेरहून आणलेलं टेबल आहे. संक्रांतीनंतर सासूबाई शिलाई मशीन घेणार आहेत. मशीनलाही उजेड लागतो. त्यावर मामाजींचा निकाल झाला. मामाजी म्हणजे माझे सासरे, लक्ष्मणराव. लग्नात तू त्यांना फेट्यात पाहिलं असशील. ते म्हणाले, "पुस्तक लोकाईनं वाचलं तं टेबल राहीन. नाई तं मशीन. अन् चित्रं कसे हायेत ते मी सोताच्या डोयानं पाहीन, मंग ठरवू."

स्वतःच्या डोळ्यांनी पाहणं सध्या व्हायचं नाही. माझं लग्न झालं त्याच वर्षी त्यांना मोतीबिंदू झाला आणि हळूहळू दिसेनासं झालं. आता उजेड-अंधार कळतो, बस. डॉक्टर म्हणतात पिकू द्या, मग काढू. मामाजी ओसरीवर खाटेवर बसलेले असतात, खिडकीच्या अगदी समोर. संत्र्याच्या बागेचं सगळं तिथूनच विचारतात. ह्यांना टेबलाचं विचारलं तर म्हणाले, "बाबा म्हणतीन तसं."

तेव्हा तू वाचक मिळव. हे फक्त तुला सांगते: सकाळची कामं उरकून त्या खिडकीशी बसले की दिवस माझा वाटतो. टेबल गेलं तर मी भांडणार नाही. पण मग मी काय काय बोलेनाशी होईन ते मलाच सांगता येत नाही.

शकुमावशीला म्हणावं, तांब्याला हात लावू देऊ नकोस, पेन्सिलीचं आहे, पुसतं.

गोपिका


सिंदी (रेल्वे),
२१ ऑक्टोबर १९७८

ती. गोपाताईस नमस्कार.

चित्रं मिळाली, त्यांचे छपाईचे ठसे झाले, अंक छापूनही झाला. एक प्रत सोबत आहे.

विद्युतराव ठीक. जेवायला कधी बोलावतील याची वाट पाहत थांबलेला वाटतो, पण ठीक. तारकाप्या मात्र, ताई, तारकाप्या! जिनिंगच्या मुनीमजींना पान दाखवलं. त्यांनी पाहिलं आणि उलटं करून ठेवलं. त्या भुवया, कानावरचे केस, मानेची ती शीर. शेवटच्या पानावर त्याला खांबाला बांधलाय आणि तो मान खाली घालून बसलाय, ते पाहून तर मलाच वाटलं की सोडावं. असा माणूस तू पाहिलास कुठे?

कागद पातळ मिळाल्यामुळे एकाच बाजूला छापलं आहे. पिना आणायच्या राहून गेल्या म्हणून सगळ्या प्रती आईने पोत्याच्या दाभणाने शिवल्या. मजकूर प्रत्येक चित्राखाली आहे. तो सावकाश वाचावा, बराच आहे.

प्रचाराला लागलो आहे. विजेच्या खांबांवर पोस्टर लावली. ती इथल्या खऱ्या लाइनमनने काढून टाकली, कारण लोक त्याला खांबावरून उडी मारून दाखव म्हणायला लागले. स्टेशनवरचा पुस्तकवाला म्हणाला, गाडी दोन मिनिटं थांबते, एवढा मजकूर कोण वाचणार. आता बाजाराच्या दिवशी स्वतः उभा राहणार आहे. आईचं भाजीचं दुकान असतंच, तिच्याशेजारी.

मशीनची काळजी करू नकोस.

चंद्रभान


आष्टी,
२० नोव्हेंबर १९७८

चि. चंद्रभानास आशीर्वाद.

प्रत मिळाली. मामाजींनी हातात घेतली, पानांवरून बोटं फिरवली, वास घेतला आणि म्हणाले, "शाई चांगली हाय." मग सगळं वाचून दाखवायला लावलं. तुझा मजकूर वाचता वाचता माझा घसा बसला. मधे दोनदा त्यांना डुलकी लागली, पण तारकाप्या आला की जागे होत. शेवटच्या पानाशी विचारलं, "कोनाले बांधलं म्हणते खांबाले?"

"तार कापणाऱ्याला," मी म्हटलं.

"बरं केलं," म्हणाले.

मी तिथून उठून पाणी प्यायला गेले.

आता ते रोज दिवेलागणीला विचारतात, "किती लोकाईनं वाचलं?" मी म्हणते, चंद्रभान कळवणार आहे. तू काहीच कळवत नाहीस. सासूबाई मशीनचा रंग ठरवून आल्या आहेत. विकलं जात नसेल तर तसं लिही, मी मनाची तयारी करीन. पण खरं लिही.

तारकाप्याचं विचारलंस. असे चेहरे आपोआप येतात.

गोपिका


सिंदी (रेल्वे),
१४ डिसेंबर १९७८

ती. गोपाताईस नमस्कार.

खरं लिही म्हणालीस म्हणून लिहितो. अंक सिंदीत घरोघर पोचला आहे. चुलीपर्यंत पोचला आहे म्हटलं तरी चालेल. दर बाजाराला आईभोवती गर्दी असते आणि लोक विचारतात, पुढचं कधी? आई स्वतःच्या हाताने वाटते. गेल्या बाजारी दोन बायकांची त्यावरून बोलाचाली झाली. तारकाप्यावर तर लोकांचा फार जीव आहे, एवढा की लेखक म्हणून मी थोडा गोंधळलो आहे.

हे मामाजींना जसंच्या तसं वाचून दाखव. यात एकही शब्द खोटा नाही.

दुसऱ्या अंकाचा मजकूर पाठवतो. आता जिनिंग सुरू झालं, दिवसभर काट्यावर असतो, म्हणून अक्षराला नावं ठेवू नकोस.

चंद्रभान


आष्टी,
८ जानेवारी १९७९

चि. चंद्रभान,

तुझं पत्र मी मामाजींना तीनदा वाचून दाखवलं. त्याच दिवशी ते सासूबाईंना मशीन थोडी थांबवा म्हणाले. मी आत येऊन टेबलावर डोकं ठेवून रडले. एवढं शकुमावशीला सांगू नकोस. सांगितलंस तरी चालेल.

आता ऐक. सिंदीला शाळेत डोळ्यांचं शिबिर आहे असं पेपरात आलंय. मामाजींचा मोतीबिंदू पिकला. हे त्यांना तिकडे आणून सोडतील. ऑपरेशन झालं की चष्मा मिळेपर्यंत त्यांनी शकुमावशीकडे राहावं असं ठरलं आहे. मावशीला वेगळं पत्र घालते आहे. मामाजी म्हणाले, "चांगलंच झालं. डोये उघडले का तिथंच पुस्तक पाहतो, अन् लोकं वाचतेत का तेबी पाहतो."

आणि चंद्रभान, तारकाप्या म्हणजे मामाजी आहेत.

मी काय करू? घरात दुसरा कोणी माणूस स्थिर बसत नाही. खिडकीतून वर पाहिलं की समोर तेच. त्यांना दिसत नाही म्हणून मला किती वेळ पाहत बसलं तरी संकोच वाटायचा नाही. तू लिहिलंस, तो एकटा बसतो आणि फार विचार करतो, भुवया भीतीच्या हव्यात. तशा भुवया आष्टीत एकाच माणसाच्या आहेत. शिवाय मशीनचा निकाल झाला त्या दिवशी मी फार चिडले होते आणि त्याच दिवशी पहिलं चित्र काढलं. रागाने काढलं म्हणून वाईट यायला हवं होतं, ते आजवरचं सगळ्यात चांगलं आलं. मग तसंच काढत गेले. त्यांनी भाकरी मोडली, मी काढलं. खाली बसले, मी काढलं. शेवटी खांबाला बांधलं.

डोळे उघडल्यावर ते चित्रं पाहतील आणि टेबलाचं ठरवतील. काहीतरी कर.

गोपिका


सिंदी (रेल्वे),
१३ जानेवारी १९७९

ती. गोपाताई,

तुझं पत्र वाचून मी काट्यावर एकाच शेतकऱ्याची गाडी दोनदा तोलली.

आता माझंही ऐक. मागच्या पत्रात एकही शब्द खोटा नव्हता, पण शब्द नीट निवडलेले होते. बाजारात मी उभा राहिलो तेव्हा मुनीमजींनी एक प्रत घेतली, लाइनमनने एक घेतली, तीही तक्रार करायला पुरावा म्हणून. बाकीच्या प्रती घरी मचाणावर पडून होत्या. मी काट्यावर गेलो असता आईने त्या खाली काढल्या, ज्या दाभणाने शिवल्या त्याच दाभणाने उसवल्या आणि पानांत कोथिंबीर-मिरची, आपल्या बोलीत सांभार-मिरची, बांधून द्यायला सुरुवात केली. मला कळलं तेव्हा मी आवाज चढवला. ती म्हणाली, "मंग काय उंदराईले वाचाले ठेवू? गिऱ्हाइकाच्या तं कामी पडून राह्यले!"

वर तिचा न्याय असा की सगळ्या गिऱ्हाइकांना सारखंच मिळालं पाहिजे. एकीला बैलाचं चित्र आणि दुसरीला खांबाचं दिलं तर भांडण होतं, ते तिने पहिल्याच दिवशी पाहिलं. म्हणून तिने एकेका पानाच्या वेगळ्या गड्ड्या लावल्या. एका बाजाराला एकच पान, सगळ्यांना तेच. हे फार छान झालं असतं, पण प्रती पालथ्या ठेवल्या होत्या आणि आईला वाचता येत नाही. तिने शेवटच्या पानापासून सुरुवात केली.

त्यामुळे सिंदीत कथा उलटी चालू आहे. आधी लोकांनी पाहिलं, एका म्हाताऱ्याला विनाकारण खांबाला बांधलंय. पुढच्या बाजाराला एक धोतरातला दांडगा जवान त्याला मारतोय. त्याच्या पुढच्या बाजाराला सगळं गाव त्या म्हाताऱ्याच्या मागे लागलंय. बायका हळहळतात. मी एकीला सांगायला गेलो की बाई, तो चोर आहे, खाली मजकूर वाच. मजकूर कोणी वाचत नाही, ताई. मजकुरावर सांभाराच्या मुळ्या असतात.

एवढं मात्र खरं की लोक वाट पाहतात. घरी सांभार असला तरी घेतात. शोभाबाई लसूणवाली पानं भिंतीला चिकटवते आहे.

मामाजींच्या येण्याआधी हे बंद कर म्हणून आईच्या हातापाया पडलो. ती म्हणाली, "अर्ध्यात बंद केलं तं लोकं मले जित्ती ठेवतीन काय?"

तू म्हणतेस काहीतरी कर. काय करू ते तूच कळव. तोवर मी विहिणीच्या सासऱ्यांसाठी गादी उन्हात टाकतो. घाईत नातंही चुकलं, खोडत नाही.

चंद्रभान


(पोस्टकार्ड)
आष्टी, १९ जानेवारी

चि. चंद्रभानास आशीर्वाद. कार्डावर लिहिते आहे, पोस्टमनही वाचतील, तेव्हा बेताने. मिरच्यांची हकीगत कळली. आधी वाईट वाटलं, मग हसू आलं, मग परत वाईट वाटलं. म्हणजे वाचक नव्हतेच, असं धरते. मशीनला निळं कव्हर शिवायला घेतलं आहे. मामाजी परवा निघतील. त्यांना वरण पातळ लागतं. तो जो दुसरा पाहुणा आहे, भुवयांचा, तो त्यांच्या नजरेस पडू नये एवढं पाहावं. मावशीला काही म्हणू नकोस, तिने कोणाचं वाईट केलं नाही. गोपिका.


सिंदी (रेल्वे),
२३ फेब्रुवारी १९७९

ती. गोपाताईस नमस्कार.

ऑपरेशन चांगलं झालं, ते भाऊजींनी, महादेवरावांनी, घरी येऊन सांगितलंच असेल. त्यानंतरचं मी कळवतो.

हिरवी पट्टी होती तोवर मी निर्धास्त होतो. घरातली पानं मी सगळी शेजारी नेऊन ठेवली. चष्मा मंगळवारी मिळाला. जाड भिंगांचा आहे, त्यातून मामाजींच्या भुवया दुप्पट दिसतात. त्यांनी घर पाहिलं, आईला पाहिलं, तांब्याला हात लावला. मला म्हणाले, "तू लग्नात वाढाले होता तोच न? बारीक झाला." पुस्तक मागितलं. मी म्हटलं, प्रती संपल्या. हे खरंच होतं.

काल बाजार होता. मी काट्यावर. आईला सांगून ठेवलं होतं की त्यांना घराबाहेर काढू नकोस. आईने विचार केला की पाहुणा माणूस, इतक्या दिवसांनी दिसायला लागलंय, बाजार तरी पाहू द्या. मला निरोप आला तेव्हा मी तसाच पळत गेलो.

तुला आठवत असेल, पानं उलटी चालली आहेत. काल दुसरं पान होतं. तारकाप्या खांबावर चढून, पक्कड हातात घेऊन तारेशी काहीतरी करतो ते. तुझ्या-माझ्या हिशोबाने तो तिथे तार कापतो. सिंदीच्या हिशोबाने त्याला मारलं, पळवलं, बांधलं, आणि तरीही तो म्हातारा कोणाला न सांगता खांबावर चढून गावाची लाइट जोडून देतो. सकाळपासून बायका ते पान पाहून डोळे पुसत होत्या. आणि त्यात आई मामाजींना घेऊन आली.

शोभाबाईने आधी ओळखलं. "माय वं! खांबावरचे बुवाच होय हे!"

सगळा भाजीबाजार उठून उभा राहिला, ताई. कोणी पोतं अंथरलं, कोणी पाणी दिलं. एक म्हातारी त्यांचा हात धरून म्हणाली, "लय सोसलं जी तुमी." मामाजींना वाटलं डोळ्याचं म्हणते. म्हणाले, "सोसलं, पन आता बरं हाय."

मी पोचलो तेव्हा त्यांच्या हातात पान होतं. चष्म्याच्या अगदी जवळ धरलेलं. ते बराच वेळ तसेच पाहत राहिले. मिरच्या मागणारेही पिशव्या धरून उभे होते. मग म्हणाले, "बाकीचे पानं?"

लोकांनी घरी जाऊन आणली. शोभाबाईने भिंतीवरची सोलून आणली. पहिलं पान अजून वाटायचं होतं, ते आईने गड्डीतून काढून दिलं. मामाजींनी पोत्यावर बसून पानं नीट लावली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि वाचली. मजकुरासकट. मी त्यांच्याकडे पाहत नव्हतो. मी वांग्यांकडे पाहत होतो.

एकाने विचारलं, "बुवा, त्या धोतरवाल्यानं तुमाले मारलं काऊन?"

मामाजी म्हणाले, "म्या तारा कापल्या म्हणून."

"नाई जी, तुमी कायले कापसान!" लोक म्हणाले. कोणीही विश्वास ठेवला नाही. दोघांनी तर मला विचारलं की बुवाले असं बोलाले कोनं लावलं?

पान हातात धरूनच ते घरी आले. जेवले कमी. मग कागद आणि पेन मागितला आणि दार लोटून घेतलं. सोबतचं पाकीट त्यांनीच गोंद लावून दिलं आहे. मी उघडलेलं नाही. उन्हात धरून पाहिलं, पण कागद जाड आहे.

झालं ते माझ्यामुळे झालं. मजकूर कमी लिहिला असता तर निदान कोणी वाचला असता.

चंद्रभान


सिंदी (रेल्वे),
माघ वद्य, सन १९७९

चि. सौ. गोपिकेस लक्ष्मणरावांचे आशीर्वाद.

चार वर्षांनी स्वतःच्या हाताने लिहितो आहे. ओळी वर चढल्या तर समजून घेणे.

डोळा बरा आहे. चष्मा लावल्यावर आधी शकुबाईंच्या घरची भिंत दिसली. भिंतीवर तुझा तांब्या आहे. मी उचलायला गेलो.

तुझं पुस्तक बाजारात पाहिलं. लोक वाचतात असं म्हणता येणार नाही. पाहतात. पाहण्यासाठी नको असलेला सांभार विकत घेतात. मी ओसरीवर बसून निकाल दिला तेव्हा माझ्या मनात असलं काही नव्हतं, पण वाचण्यापेक्षा हे कमी आहे असंही मला म्हणवत नाही. चंद्रभानने मजकूर निम्मा केला तरी चालेल. हे त्याला तू सांग. मी त्यांच्या घरचं जेवतो आहे.

आता त्या चेहऱ्याचं. ओळखायला मला वेळ लागला, कारण आरसा पाहून बरीच वर्षं झाली होती. घरी येऊन शकुबाईंकडून आरसा घेतला आणि पान त्याच्याशेजारी धरलं. पानावरचा जास्त माझ्यासारखा आहे. भुवया रागात काढलेल्या दिसतात. मशीनचं बोललो त्या दिवशीच्या असाव्यात. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. राग बरोबर होता आणि भुवयाही बरोबर आल्या आहेत.

पुढचं लिहितो ते घरात वाचून दाखवू नकोस. डोळे गेल्यापासून मला असं वाटायला लागलं होतं, की मला कोणी दिसत नाही तसा मीही कोणाला दिसत नाही. ताट येई, ताट जाई. विचारपूस सगळे करत, त्यात कोणी कसूर केली नाही. पण ओसरीवर थांबून माझ्याकडे कोणी पाहत असेल असं वाटलं नाही. कानावरचे केस, मानेची शीर, खाली बसताना मी उजवा गुडघा आधी टेकतो ते, भाकरी मोडून आधी वास घेतो ते, सगळं तुझ्या पानांवर आहे. समोरच्या खिडकीतून कोणी एवढं पाहत होतं हे माहीत असतं तर ती वर्षं मला थोडी सोपी गेली असती.

टेबल हलवायचं नाही. मशीन ओसरीवर माझ्या खाटेच्या जागी लावा, तिथेही दुपारपर्यंत ऊन असतं. तुझ्या सासूला, विमलाला, मी समजावतो. खाट आत खिडकीशी, तुझ्या टेबलासमोर टाका. मला गप्प बसता येतं हे तुला माहीत आहे.

इथले लोक म्हणतात मी तारा जोडतो. चंद्रभान म्हणतो कापतो. ते तुम्ही दोघं ठरवा. दुसऱ्या अंकात फक्त पक्कड डाव्या हातात दे. मी डावखुरा आहे. बागेतली सगळी छाटणी मी त्याच हाताने केली, पण तू घरात आलीस तेव्हा माझं काम सुटलं होतं, म्हणून तुला ते पाहायला मिळालं नाही.

लक्ष्मणराव